विमान छोटं करता येतं, हवा नाही

२६ सप्टेंबर २०२५ला चंदीगडमध्ये हवाई दलाच्या मिग-२१ या लढाऊ विमानाला निरोप दिला गेला. त्या संध्याकाळी माझा भाचा टीव्हीसमोरून उठला आणि थेट माझ्या कामाच्या टेबलाशी आला. "मामा, आपण बनवूया का एक? रिमोटवालं?"

मिगचं वेड आमच्या घरात जुनं आहे. वडील नाशिकजवळ ओझरला एचएएलच्या विमान कारखान्यात होते, ही विमानं तिथे बनायची, आणि लहानपणी डोक्यावरून मिग गेलं की बोलणं अर्धवट ठेवून थांबायची आम्हाला सवयच होती. तरी मी त्याला नाही म्हणालो.

"त्यात काय आहे? नुसतं छोटं करायचं. सगळी मापं दहाने भागायची."

हे वाक्य मी इतक्या जणांकडून ऐकलं आहे की आता हसूही येत नाही. मैदानावर बघायला जमणारे ऐकवतात, इंजिनिअर झालेले मित्र ऐकवतात, पहिलं विमान करताना मीही स्वतःला हेच सांगितलं होतं. कपाटात ठेवायच्या विमानाला ते लागू पडतं. उडवायचं असेल, तर त्या भागाकाराने घात होतो. कसा, ते सांगतो.

आधी स्केल म्हणजे काय

रिमोटवर उडणारी विमानं ढोबळमानाने दोन जातींची. एक, जी कुणाचीच नक्कल नसतात. उडायला सोपी पडावीत म्हणूनच आखलेली. दुसरी स्केल मॉडेलं, म्हणजे एखाद्या खऱ्या विमानाची प्रमाणात लहान केलेली प्रतिकृती. १:६ म्हटलं की मूळ विमानात जिथे ६ सेंटिमीटर, तिथे आपल्याकडे १. घराच्या नकाशासारखंच, फक्त हा नकाशा उडतो.

मिगऐवजी आम्ही घेतलं पस मॉथ. इंग्लंडच्या डी हॅविलँड कंपनीचं हे छोटं विमान. वर पंख, खाली बंद केबिन, आत दोघा-तिघांपुरती जागा. १५ ऑक्टोबर १९३२ला जेआरडी टाटा असंच विमान घेऊन कराचीहून निघाले, अहमदाबादला थांबले आणि जुहूला उतरले. सोबत जेमतेम २५ किलो टपाल. अहमदाबादेत त्यांच्यासाठी पेट्रोल बैलगाडीतून आलं होतं. जुहूहून ते टपाल नेव्हिल व्हिन्सेंट यांनी बेल्लारीमार्गे मद्रासला नेलं. पुढे एअर इंडिया झालेल्या हवाई सेवेची ही सुरुवात.

भाच्याला गोष्ट आवडली. मला विमानाची मापं आवडली. पंख एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत ११.२ मीटर, लांबी ७.६ मीटर, भरल्या विमानाचं वजन ९३० किलो, इंजिन १२० अश्वशक्तीचं. १:६ केलं की पंख येतात १ मीटर ८७ सेंटिमीटर. दोन तुकड्यांत केले की माझ्या हॅचबॅकच्या मागच्या सीटवर मावतात. स्केल ठरवताना लोक पुष्कळ अभ्यास करतात, पण खरं सांगायचं तर बहुतेकांचं स्केल गाडीची डिकी ठरवते.

लाडवाचा हिशेब

आता मापं सहाने भागली. वजनही सहाने भागायचं का? ९३० भागिले ६ म्हणजे १५५ किलो. बलदंड माणसाहून जड. हे चुकतंय, ते भाच्यालाही कळलं.

बेसनाचा एक मोठा लाडू घ्या आणि तो मोडून निम्म्या व्यासाचे छोटे लाडू वळा. किती होतील? दोन नाही, चारही नाही, आठ. कारण लाडू लांबीत, रुंदीत आणि उंचीत, तिन्हीकडे निम्मा झाला. पण छोट्या लाडवाला बाहेरून खसखस लावायची असेल तर मोठ्याच्या किती लागेल? एक आठवा भाग पुरणार नाही, एक चतुर्थांश लागेल. पृष्ठभाग दोनच दिशांनी आक्रसतो.

विमानाचं वजन म्हणजे बेसन, पंखाचं क्षेत्रफळ म्हणजे खसखस. १:६ केल्यावर पंख ३६ पटीने लहान होतो आणि वजन २१६ पटीने कमी होतं. ९३० किलोचे होतात ४.३ किलो. पंख जेवढा आक्रसला, त्याहून वजन कितीतरी जास्त घटलं. म्हणजे पंखाच्या प्रत्येक वीतभर जागेवर पडणारा भार आपोआप हलका झाला.

या भाराला विंग लोडिंग म्हणतात. एकूण वजन भागिले पंखाचं क्षेत्रफळ, एवढंच. खऱ्या पस मॉथच्या एका चौरस मीटर पंखाने ४५ किलो उचलायचे, तर ४.३ किलोच्या प्रतिकृतीने साडेसात. आमचं विमान शेवटी ३.१ किलोचं झालं, म्हणजे चौरस मीटरला साधारण साडेपाच किलो.

मिगचा हिशेब इथेच आडवा येतो. मिग-२१चे पंख टोकापासून टोकापर्यंत फक्त ७.१५ मीटर, पस मॉथपेक्षाही आखूड, आणि वजन साधारण ८७०० किलो. खरं मिग धावपट्टीला टेकायचं तेच मुळी तासाला ३०० किलोमीटरच्या आसपास. त्याची छोटी नक्कलही त्याच वळणावर जाणार. पहिल्याच विमानाला अंगात एवढी घाई नको.

मग ते इतकं भर्रकन का जातं?

वजन एवढं कमी झालं, मग छोटं विमान तरंगत तरंगत जायला हवं. प्रत्यक्षात मैदानावर स्केल मॉडेल बघणारा प्रत्येक नवा माणूस म्हणतो, "केवढ्या जोरात जातंय!"

एसटीच्या खिडकीतून तळहात बाहेर काढून जरा तिरका धरला असेल, तर आठवा. गाडी हळू असताना हात नुसता थरथरतो. वेग दुप्पट झाला की हात वर फेकला जातो. वेग दुप्पट, तर उचल चौपट. उलट दिशेने बघा: पंखावरचा भार सहा पटीने हलका झाला, तरी वेग सहा पटीने कमी करता येत नाही. सहाच्या वर्गमुळाने, म्हणजे साधारण अडीच पटीनेच करता येतो.

खरं पस मॉथ तासाला १७० किलोमीटरच्या आसपास आरामात जायचं. आमचं ३.१ किलोचं विमान त्याच ऐटीत, म्हणजे नाकाच्या त्याच कोनात उडायचं तर तासाला ६०च्या जवळपास जावं लागतं. पण आकाराच्या मानाने ते खरं दिसायला हवं असेल, तर वेग १७० भागिले ६, म्हणजे जेमतेम २८ हवा. डोळ्याला ते दुप्पट वेगाने पळाल्यासारखं दिसतं. जुनी मूकपटांची रिळं चुकीच्या वेगाने लावल्यावर माणसं तुरुतुरु चालतात ना, तसं.

२८ने उडवायला वजन किती ठेवावं लागेल? इथे मी भाच्याला कॅल्क्युलेटर दिला. पंख लहान झाला म्हणून ९३०ला दोनदा सहाने भागायचं, आणि वेग सहा पटीने कमी हवा म्हणून आणखी दोनदा. एकूण चार वेळा. उत्तर आलं ७२० ग्रॅम. पावणेदोन मीटरहून लांब पंखांचं, चाकं-मोटर-बॅटरीसकट विमान, आणि वजन तीन पाव दुधाच्या पिशवीएवढं. घरात, वारा नसताना उडणारी असली नाजूक विमानं लोक करतात. पण उघड्या माळावर पहिल्या झुळकीला ते शेजारच्या शेतात जाईल.

म्हणून आपण तडजोड करतो. विमान जमेल तेवढं हलकं ठेवायचं आणि उरलेलं काम हाताने करायचं: थ्रॉटल, म्हणजे मोटरचा जोर, अर्ध्यावर, वळणं मोठी, आणि वळताना पंख फार कलू द्यायचे नाहीत. असं उडवलं की डोळा बऱ्यापैकी फसतो. एफएआय या जागतिक हवाई क्रीडा संघटनेच्या स्केल स्पर्धांमध्ये परीक्षक आधी जमिनीवर प्रतिकृती मूळ विमानाच्या फोटो-नकाशांशी ताडून बघतात आणि मग उडताना ती खरी वाटते का याचे गुण देतात. तिथे रंग चुकला म्हणून जेवढे गुण जातात, तेवढेच पतंगासारखं गर्रकन वळल्यामुळेही जाऊ शकतात.

छोट्या पंखाला हवा दाट लागते

आतापर्यंतचं सगळं नुसतं गणित होतं. खरी कुरबुर हवेची आहे. विमान आपण सहा पटीने लहान केलं. हवेचे रेणू होते तेवढेच राहिले.

हवेला चिकटपणा असतो. आपल्याला तो जाणवत नाही, कारण आपण मोठे आहोत. पाण्यात पोहणाऱ्या माणसाला पाणी म्हणजे पाणी. त्याच पाण्यातल्या सूक्ष्म जंतूला ते काकवीसारखं असतं. हालचाल थांबवली की जागच्या जागी थिजायचं. तुम्ही जितके लहान आणि जितके सावकाश, तितका भोवतालचा चिकटपणा तुमच्यावर शिरजोर. हे मोजायला रेनॉल्ड्स संख्या नावाचं एक माप आहे. ते आकार आणि वेग, दोन्हींवर अवलंबून असतं. आमच्या मॉडेलची ही संख्या खऱ्या पस मॉथच्या सतरा पटीने कमी भरते.

म्हणून मॉडेल काही काकवीत पोहत नाही. पण पंखावरून सरकणारी हवा लवकर थकते. ती पंखाला चिकटून मागच्या कडेपर्यंत जायची, त्याऐवजी मध्येच सुटते. हवा पंख सोडून सुटली आणि उचल एकदम गेली, की त्याला स्टॉल म्हणतात. छोट्या पंखाला तो मोठ्यापेक्षा लवकर गाठतो, आणि बहुतेक वेळा एका टोकाकडून सुरू होतो. एक पंख खाली, विमान गिरकी घेत जमिनीवर. उतरायला आलेली सुंदर स्केल मॉडेलं याच जागी, शेवटच्या दहा-पंधरा मीटरमध्ये जातात.

लबाडी कुठे कुठे करायची

तर आता मुद्द्यावर येतो. चांगलं स्केल मॉडेल म्हणजे हुबेहूब नक्कल नव्हे. कुठे खोटं बोलायचं, हे विचारपूर्वक ठरवलेलं विमान म्हणजे चांगलं मॉडेल.

पहिलं खोटं पंखाच्या छेदात. पंख आडवा कापला तर जो माशासारखा आकार दिसतो, तो आम्ही मूळ विमानाचा घेतलाच नाही. क्लार्क-वाय नावाचा १९२२ सालचा छेद घेतला. त्याचा खालचा भाग जवळजवळ सपाट असतो, मंद वेगात तो समजूतदारपणे वागतो आणि सपाट पाटावर जुळवायला सोपा पडतो. कुणी फूटपट्टी लावून बघितल्याशिवाय हा फरक कळत नाही.

दुसरं खोटं पंखाच्या पिळात. टोकाकडे पंखाची मागची कड जराशी, दोनेक अंश, वर पिळायची. त्यामुळे टोकं कमी कोनात राहतात, आणि स्टॉल झालाच तर आधी मध्ये होतो, टोकाला नाही. विमान गिरकी न घेता मान खाली घालतं. मान खाली घालणारं विमान वाचवता येतं.

तिसरं शेपटीत. मागची आडवी शेपटी आम्ही मूळ मापापेक्षा थोडी मोठी केली. यावर आमच्यातले कट्टर लोक नाक मुरडतात. मुरडू देत.

साहित्य मात्र जवळजवळ त्या काळातलंच. खऱ्या पस मॉथच्या धडाचा सांगाडा पोलादी नळ्यांचा आणि वर कापड. आमचा बाल्साचा. दक्षिण अमेरिकेतल्या इक्वाडोरहून येणारं हे लाकूड इतकं हलकं असतं की पहिल्यांदा हातात घेणारा हमखास ते उचलून पुन्हा खाली ठेवतो आणि परत उचलतो. पण बाल्सा-बाल्सात फरक असतो. मीटरभर लांब, १० सेंटिमीटर रुंद आणि २ मिलिमीटर जाड अशी एक फळी २० ग्रॅमची निघते, तर शेजारची, दिसायला तशीच, ४० ग्रॅमची. म्हणून आमच्याकडे स्वयंपाकघरातला काटा माझ्या टेबलावर असतो आणि मोदकाच्या पिठीसाठी तो मागायला बायको येते. हलक्या फळ्या शेपटीला, जड आणि चिवट नाकाला, असं वाटप आधी करून ठेवायचं.

पूर्ण मापाचा नकाशा पाटावर पसरायचा, वर पातळ प्लास्टिक घालायचं म्हणजे सांगाडा नकाशाला चिकटणार नाही, आणि टाचण्यांनी एकेक फासळी उभी करत जायची. फासळ्या उभ्या राहिल्या की पंख चक्क माशाच्या काट्यासारखा दिसतो. त्यावर इस्त्रीने चिकटणारी पातळ फिल्म. खऱ्या विमानावर कापड फासळ्यांना दोऱ्याने टाचलेलं असायचं आणि ते टाके पट्ट्यांखालून बारीक उंचवट्यासारखे दिसायचे. ते कसे करायचे? इंजेक्शनच्या सिरिंजमध्ये फेविकॉल भरायचं आणि सुईने समान अंतरावर थेंब ठेवत जायचं. वाळला की थेंब बसतो आणि इवलासा फुगवटा उरतो. दोन पंखांवर भाच्याने असे सहाशेच्या वर थेंब ठेवले. दोन रविवार, एकही शब्द न बोलता. ताईला फोन करून हे सांगितलं, तर तिचा विश्वास बसेना.

एक गोष्ट मात्र आम्ही खोटी केली नाही. पस मॉथला खास उतरण्यासाठीचे हवाई ब्रेक होते: चाकांच्या पायांवरची पातळ आवरणं वैमानिकाला आडवी फिरवता यायची, म्हणजे ती वारा अडवून वेग मारायची. आम्ही ती फिरती केली. मॉडेलवर त्याचा उपयोग फारसा होत नाही, पण बघणाऱ्याला सांगायला फार बरं वाटतं.

बैलगाडी उलाळते तसं

सगळं जुळलं, रंगलं, वाळलं. तरी ते उडेल की नाही हे एकाच गोष्टीवर ठरतं: ते कुठे तोलतं.

बैलगाडीत माल मागे जास्त भरला की गाडी उलाळते, जू वर उचललं जातं, बैलांच्या मानेला ओढ बसते. पुढे जास्त भरला की गाडी धुरेवर जड होते. दोन्ही वाईट, पण धुरेवर जड गाडी निदान चालते. विमानाचंही तसंच. पंखाखाली दोन बोटं ठेवून उचलायचं आणि ते सपाट तोललं पाहिजे. कुठे? पंखाच्या पुढच्या कडेपासून त्याच्या रुंदीच्या २८ टक्क्यांच्या आसपास. आमच्या विमानाला हे माप साडेआठ सेंटिमीटर. तिथे बारीक ठिपका काढून ठेवला आहे.

तोल याच्या मागे गेला, विमान उलाळं झालं, तर ते स्वतःहून सावरत नाही. नाक वर गेलं की आणखी वर जातं. नाकाकडे जरा जड असेल तर आळशी वाटतं, उतरताना जोर लागतो, पण हातात राहतं. शेपटी तोलाच्या बिंदूपासून लांब असते आणि नाक जवळ. म्हणून शेपटीत १० ग्रॅम रंग जास्त लागला, तर तो फेडायला नाकात २५-३० ग्रॅम शिसं कोंबावं लागतं. दुधात पाणी घालावं तसं वजन वाढत जातं. तरी पस मॉथचं नाक लांब आहे, बॅटरी पुढे सरकवायला जागा मिळाली आणि शिसं लागलंच नाही. बुटक्या नाकाची लढाऊ विमानं करणारे मित्र या वाक्यावर जळतील.

जेआरडींच्या विमानात रेडिओ नव्हता

आपल्या विमानात माणूस नाही आणि सगळा भरवसा रेडिओवर. त्याची गंमत थोडक्यात.

हातातल्या खोक्याला ट्रान्समीटर म्हणतात. त्याच्या दोन दांड्या हलवल्या की आकडे बनतात आणि ते रेडिओवरून विमानातल्या रिसीव्हरकडे जातात. रिसीव्हर प्रत्येक सर्व्होला, म्हणजे विमानातली इवली दांडी हलवणाऱ्या छोट्या मोटरला, सेकंदाला साधारण पन्नास वेळा एक ठोका पाठवतो. ठोका दीड मिलिसेकंदाचा असेल तर सर्व्होची दांडी मध्यावर, एकचा असेल तर एका टोकाला, दोनचा तर दुसऱ्या. ठोक्याची लांबी हीच भाषा. पंखाच्या टोकांकडचे एलेरॉन विमान डावं-उजवं कलवतात, शेपटीवरचा एलेव्हेटर नाक वर-खाली करतो आणि रडर नाक बाजूला वळवतो.

पूर्वी दोघांचा रेडिओ एकाच फ्रिक्वेन्सीवर आला की एकाने खोकं चालू करताच दुसऱ्याचं विमान खाली यायचं. मैदानावर त्यावरून भांडणं झालेली मी पाहिली आहेत. आताचे २.४ गिगाहर्ट्झवरचे संच आपापल्या रिसीव्हरची ओळख ठेवतात आणि सतत जागा बदलत बोलतात, त्यामुळे ते दुखणं जवळपास संपलं. संपर्क तुटलाच तर मोटर आपोआप बंद व्हावी, अशी सोय प्रत्येक संचात असते. ती घरीच, पंखा काढून, तपासायची.

बॅटरी लिथियम पॉलिमरची, चार सेलची. तिला जपून वागवावं लागतं. फुगलेली, ठोकर बसलेली बॅटरी पेट घेऊ शकते. चार्जिंगला लावून बाजारात जायचं नाही, हा आमच्या घरचा एकमेव कायदा आहे जो मी स्वतः पाळतो.

एक सैल सांधा

सर्व्होपासून एलेरॉनपर्यंत जाणारी तार आणि तिचे सांधे अजिबात सैल नकोत. सैल एलेरॉन वाऱ्यात फडफडतो, फडफड वाढत जाते आणि एका क्षणी पंख सांगाड्यासकट तुटतो. याला फ्लटर म्हणतात. ही भीती मॉडेलांपुरती नाही. सुरुवातीच्या काळात काही खऱ्या पस मॉथांचे पंख हवेतच तुटले, माणसं गेली, आणि मग विमानाची रचना मजबूत करावी लागली. त्यामुळे हे विमान करताना सांध्यांपाशी हात जरा जास्त वेळ रेंगाळला.

डावं कुठलं, उजवं कुठलं?

लोक विचारतात, व्हिडिओ गेम खेळणाऱ्याला हे सहज येईल ना? हात बसलेले असतात, हे खरं. अडचण हाताची नाही. विमान तुमच्यापासून दूर जातंय तोवर त्याचं डावं ते तुमचं डावं. ते वळून तुमच्याकडे यायला लागलं की सगळं उलटं. आरशात बघून दुसऱ्याच्या कपाळावर टिकली लावण्यासारखं. मेंदूला हे कळतं, अंगठ्यांना कळायला महिने लागतात. नवशिक्याला मी एकच युक्ती सांगतो: विमान तुमच्याकडे येतंय आणि एक पंख खाली गेलाय, तर ज्या बाजूचा पंख खाली तुम्हाला दिसतोय, त्याच बाजूला दांडी न्या. खाली पडणाऱ्या पंखाला टेकू द्यावा तशी. आधी कॉम्प्युटरवर सिम्युलेटर खेळा, मग फोमचं साधं विमान, आणि बाल्साचं स्केल मॉडेल त्यानंतर.

हे शहाणपण मला फुकट मिळालेलं नाही. माझं पहिलं स्केल विमान चार सेकंद उडालं. आदल्या रात्री एक सर्व्हो बदलला होता. तपासताना विमानाचं नाक माझ्याकडे होतं. दांडी उजवीकडे नेली, माझ्या डाव्या हाताकडचा एलेरॉन खाली गेला, मी मान डोलावली. चूक होती. उजवीकडे वळायचं तर विमानाचा स्वतःचा उजवा एलेरॉन वर जायला हवा, आणि माझ्या डाव्या हाताकडचा होता तो विमानाचा उजवा. सकाळी उड्डाणानंतर ते जरा डावीकडे कललं, मी उजवी दांडी दिली, ते आणखी डावीकडे गेलं, मी आणखी दिली. तेव्हापासून विमान नेहमी पाठमोरं ठेवून तपासतो आणि मोठ्याने बोलतो: "उजवी, उजवा वर." शेजारच्यांना मी मंत्र म्हणतो असं वाटतं.

पण हे ड्रोनच ना? आणि परवानगी?

चार पंख्यांचा ड्रोन हवेत टिकतो तो आतल्या कॉम्प्युटरमुळे. तो प्रत्येक पंख्याचा वेग क्षणोक्षणी बदलत असतो. दांड्या सोडल्या तरी तो आहे तिथे थांबतो. आपलं विमान थांबू शकत नाही. थांबलं की पडलं. मोटर बंद झाली तरी ते घसरत, तरंगत येतं, आणि शांत डोक्याच्या माणसाला ते उतरवता येतं.

कायद्यात मात्र दोघं एकाच छपराखाली येतात. ड्रोन नियम २०२१मध्ये मॉडेल विमानाची वेगळी व्याख्या आहे: एकूण वजन २५ किलोपर्यंत, शिक्षण, संशोधन किंवा करमणुकीसाठीच, आणि डोळ्यांना दिसेल इतक्याच अंतरात उडवायचं. डिजिटल स्काय या सरकारी नकाशावर हिरवा, पिवळा आणि लाल असे पट्टे आहेत. हिरव्यात ४०० फुटांपर्यंत मुभा, विमानतळापासून ८ ते १२ किलोमीटरच्या पट्ट्यात २०० फुटांपर्यंतच, पिवळ्यात आणि लालमध्ये परवानगीशिवाय नाही. नाशिककरांनी तर हा नकाशा बघितल्याशिवाय घरातून निघूच नये. इकडे ओझरचा विमानतळ, तिकडे गांधीनगरला सैन्याचं हवाई प्रशिक्षण, देवळालीला तोफखाना. मुंबईत पोलीस वेळोवेळी रिमोटवर उडणाऱ्या सगळ्याच वस्तूंवर बंदीचे आदेश काढतात, तेही बघावे लागतात. नोंदणीचे नियम उडवायच्या आधी सरकारी संकेतस्थळावर ताजे वाचा. कुणाच्या व्हॉट्सअ‍ॅपवर विसंबू नका.

आणि हा पोरखेळ नाही का, या प्रश्नाला माझं उत्तर एवढंच की एनसीसीच्या हवाई शाखेत एरोमॉडेलिंग शिकवतात.

आम्ही पस मॉथ उडवलं डिसेंबरातल्या एका रविवारी, सात वाजता. सकाळ अशासाठी, की नऊ-दहानंतर जमीन तापते, गरम हवेचे लोट वर उठतात आणि हलकं विमान होडीसारखं डुचमळतं. संक्रांतीच्या आसपास तर आम्ही महिनाभर उडवतच नाही. आमच्याकडे येवल्यापासून नाशिकपर्यंत आकाशात मांजाच मांजा असतो. त्या दिवशी कापलेल्या बाजरीच्या शेताकडेला मऊ ऊन होतं, वारा नव्हता. थ्रॉटल हळूहळू पुढे, शेपटी उचलली, वीसेक मीटर धाव, आणि ते वर. एक मोठी फेरी, दुसरी फेरी. एक घार वरून पाहून गेली. सातव्या मिनिटाला मी ते खाली आणलं. पायांची आवरणं आडवी झाली, चाकं टेकली, एक उडी, आणि थांबलं.

परत येताना भाचा मागच्या सीटवर पंखाशेजारी अंग चोरून बसला होता. मोबाइलवर बराच वेळ काहीतरी करत होता. गंगापूर रोडच्या सिग्नलला गाडी थांबली तेव्हा त्याने मान वर केली.

"मामा, ८७०० भागिले दहा, चार वेळा. आठशे सत्तर ग्रॅम. थर्माकोलचं केलं तर बसेल?"